शेवंतीचा उजवा कौल

शेवंतीला काही हरवलेलं शोधायला सांगितलं, की ती आधी जमिनीवर उकिडवी बसायची. बाकीची माणसं फळ्या, कोनाडे, डबे धुंडाळत घरभर फिरायची आणि ही कडेवरचं पोर मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची. कोणी खेकसलं तर म्हणायची, "वस्तू पोरान न्हेलेली आसली, तर ती पोराच्याच उंचीर गावतली. तुमी माडार कित्याक शोधतास?"

माझ्या दत्तूच्या पायातला चांदीचा वाळा असाच नाहीसा झाला होता. जावेने पाणी भरणाऱ्या बाईचं नाव घेतलं. शेवंतीने दत्तूच्या हातात एक सुपारी दिली आणि त्याला रांगायला सोडला. तो रांगत थेट मोरीशी गेला आणि भिंतीतल्या भोकातून सुपारी बाहेर ढकलून दिली. शेवंती मागच्या अंगणात गेली, काठीने चिखल उकरला. वाळा निघाला, सुपारी निघाली आणि जावेची फणीही निघाली. "चोर रांगता," ती म्हणाली. जावेने पाणीवालीला त्या दिवशी चहा दिला.

ही चोपन्न-पंचावन्न सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही मालवणात समुद्राच्या वाटेवर राहत होतो. माझा नवरा मुंबईला गोदीत. दिराची होडी होती. मी आणि जाऊ सकाळी मासळी बाजारात बसत असू. सासू नव्हती, मग पोराला ठेवायचं कुठे? शेजारच्या काशीकाकीची थोरली मुलगी शेवंती तेव्हा चौदाची असेल. दुसरीतून शाळा सुटलेली. लांब वेणी, पुढचे दात थोडे मोठे, रंगाने काळी. दिसायला बरी होती असं मी म्हणणार नाही. पण रडतं पोर तिच्या कडेवर गेलं की गप्प व्हायचं. ती अंगाई म्हणायची नाही, गळाच नव्हता तिला. पोराशी मोठ्या माणसासारखं बोलायची. "काय रे दत्तग्या, आज कोणावर राग आसा? माझ्यावर की आवशीवर?" असं विचारून खरंच उत्तराची वाट बघायची.

ती दोन पोरं राखायची. सकाळी माझा दत्तू. दुपारी, मी बाजारातून परत आले तरी त्याला कडेवर घेऊनच, देवळाकडे जायची. तिथे गुरवाची नात तिच्याकडे असे. गुरवाच्या सुनेला दम्याचा त्रास होता. एका कडेवर एक, दुसरीवर दुसरं, आणि बरोबर प्रेमा.

प्रेमा तिची मैत्रीण. आमच्यातलीच, गोरी, बोलकी. दोघी विहिरीवर बरोबर, फुलं वेचायला बरोबर. कोणाच्या मांजरीला पिल्लं कुठे झाली, देवळातलं तेल कोण चोरतं, असल्या गोष्टींचा दोघी मिळून छडा लावायच्या. फरक एवढाच, की प्रेमाला कळलं की गावाला कळायचं, आणि शेवंतीला कळलं की तिथेच राहायचं.

एकदा माझे वाळत घातलेले बांगडे रोज कमी व्हायला लागले. मांजर म्हणावं तर काटेसुद्धा नाहीत. मी शेवंतीला लक्ष ठेवायला सांगितलं. चार दिवसांनी विचारलं, "मिळाला का गो चोर?"

"गावलो."

"कोण?"

"ता सांगूचंय नाय, वयनी. उद्यापासून जावचे नाय. मी सांगितलंय तिका, व्हये तर मागून घे म्हणून."

मी तिला नाही नाही ते बोलले. पुढे मलाच कळलं. पलीकडच्या घरातली सून, पोटुशी, सासू तिला मासळीच्या शेपटावर भागवायची. मग मी स्वतः नेऊन दिले. शेवंतीला मात्र मी हे कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तिचा बाप पांडू गलबतावर खलाशी होता. मीठ, नारळ, कधी लाकूड, असा माल घेऊन ती माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने जात. काशीकाकी नवऱ्यावर जीव टाकणारी बाई. तो घरी असला की ती वेगळीच दिसायची. गेला की घरात भांड्याचा आवाजसुद्धा होत नसे. त्या वर्षी कार्तिकात अवेळी वादळ झालं आणि गलबत आलं नाही. मग वेंगुर्ल्याच्या बाजूला फळ्या लागल्या. दोन प्रेतं मिळाली, ती दुसऱ्यांची. पांडू मिळाला नाही.

एक जण वाचला होता, रेडीचा सखाराम. तो अंगात बळ आल्यावर मालवणला आला. काशीकाकीसमोर उभा राहिला, खाली मान घालून. तिने विचारलं, "तुमी बघितलास तेंका बुडताना?" तो म्हणाला, "काळोख होतो गे वयनी. माका काय दिसाक नाय." एवढं बोलून त्याने चूळ भरायला पाणी मागितलं. शेवंती तांब्या घेऊन त्याच्यामागून परसात गेली. आत काकी म्हणाली, "बघितलास? कोणीच बघूक नाय. म्हणजे आसत ते."

पण पांडूचा भाऊ, तो गेलाच असं धरून दिवस घालायचं म्हणायला लागला. दिवस घालायचे म्हणजे काकीचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. दुसरे म्हणत, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. घरात रोज वाद. काकी मध्ये बसून असायची. जेवणखाण सुटलेलं. एक दिवस ती कोणाला न सांगता खाडीवर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात चालत निघाली. शेवंतीने तिला पाणी गळ्याशी आलं असताना ओढून आणली. काकी आरडाओरडा करत नव्हती. शांतपणे म्हणाली, "ज्या दिवशी बांगड्यो फुटतील, त्या दिवशी मी परत येतलंय हयसर. तू किती राखण करतलंस?"

शेवटी ठरलं, देवीला कौल लावायचा.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी लगेच पडते, कधी माणसं ताटकळतात. त्यावर लग्नं ठरली आहेत, जमिनींचे वाद मिटले आहेत. देवीने दिलेल्या कौलावर गावात कोणी बोलत नाही.

दुपारी माणसं जमली. गाभाऱ्याला देवीच्या उजव्या हाताकडे एक लहान दार होतं, समुद्राच्या बाजूचं. कौल लावताना गुरव ते बंद करायचा. शेवंती त्या दाराला पाठ लावून उभी होती, कडेवर दत्तू. मी बायकांत मागे होते. काकी समोर बसली होती. तिच्या बांगड्यांवर तिने दुसऱ्या हाताची मूठ आवळून धरली होती.

गुरवाने पाकळ्या लावल्या. हात जोडून म्हणाला, "देवी माते म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचो घोव समुद्रात गेलो, तो परत येवक नाय म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"तो जर जितो आसात, तर उजवो कौल दी. नसात, तर डावो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या हलेनात. डावी जरा सैल झालेली दिसत होती. तेवढ्यात दत्तूने अशी किंकाळी फोडली की मीच दचकले. थांबेचना. पांडूचा भाऊ ओरडला, "गो, भायर घेवन जा तेका!" शेवंतीने वळून दाराची कडी काढली आणि बाहेर गेली. समुद्रावरचा वारा आत आला, समया विझल्या आणि उजवी पाकळी खाली पडली.

"उजवो! उजवो दिल्यान!" एकच गलका झाला. काकीने जमिनीवर डोकं टेकलं. गुरवाने एकदा उघड्या दाराकडे बघितलं, एकदा काकीकडे बघितलं. मग म्हणाला, "दिलो म्हाराजा," आणि समया परत लावायला घेतल्या.

संध्याकाळी दत्तूला न्हाऊ घालताना त्याच्या मांडीवर मला काळानिळा वळ दिसला. चिमट्याचा. नखं उठली होती. शेवंतीने कधी कुठल्या पोराला टपली मारलेली मी बघितली नव्हती. मी तिला परसात बोलावलं आणि दत्तूची मांडी दाखवली.

ती म्हणाली, "वयनी, माका मारा."

"मारायचं नंतर बघू. का केलंस ते सांग."

"दार उघडला की उजवी पाकळी आधी सुकता. दुपारचो वारो थयसूनच येता. गुरवाच्या नातीक घेवन मी रोज थयसर बसतंय, बघून ठेवलेला." मग खाली बघत म्हणाली, "सखारामान माका परसात सांगल्यान. बाबाचो हात तेच्या हातात होतो. लाट इली आणि सुटलो. आयेक सांगूक तेका तोंड झाला नाय."

म्हणजे बाप मेला हे तिला ठाऊक होतं. घरात फक्त तिलाच. मी विचारलं, "देवीची भीती नाही वाटली तुला?"

"वाटली. पण आये खाडीत गेल्यार देवी तिका काढूक येतली काय?"

ती रडली नाही. रडायची सोयच राहिली नव्हती. बाप जिता आहे म्हटल्यावर लेक रडेल कशाला? डोळे सुजलेले दिसले असते तर काकीने विचारलं असतं. मी दत्तूच्या मांडीला खोबरेल लावलं आणि त्याला तिच्याकडे परत दिला.

काकी दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागली. अंगण सारवायची, कुंकू लावायची, संध्याकाळी नवऱ्याचं धोतर काढून परत घडी घालायची. लोकही म्हणायचे, "येतलो गे, देवीन सांगल्यान हा." कोणी म्हणे एडनला असेल, कोणी म्हणे आफ्रिकेत. शेवंती ऐकायची आणि म्हणायची, "आसतलो."

सर्वपित्रीला घरोघरी पितरांची पानं वाढत. त्यांच्या घरी बापाचं पान कसं वाढणार? त्या दिवशी मी परसदारी गेले तर शेवंती दत्तूला घेऊन माडाखाली उभी. स्वतःच्या वाट्याचा भात, त्यावर वडा, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवलेला. "कावळो बघ, दत्तग्या. बोलव तेका. का का का कर." दत्तू ओरडत होता आणि ती कावळ्याकडे बघत होती. कोणी बघितलं असतं तरी काय, पोराला खेळवते आहे असंच वाटलं असतं. मी आल्यापावली परत फिरले.

प्रेमाला तिने काहीच सांगितलं नव्हतं. प्रेमाच्या पोटात काही राहत नाही, हे तिच्याएवढं कोणाला माहीत असणार? पण प्रेमाला वास आला होता. "तू माझ्यापासून कायतरी लपवतंस," ती सारखी म्हणायची. शेवंती विषय बदलायची. एक दिवस विहिरीवर दोघींची जुंपली. "मी तुका सगळा सांगतंय, आणि तू माका परकी केलंस!" असं म्हणून प्रेमा घागर तशीच टाकून गेली. दोघींनी अबोला धरला. शेवंती मग पोरं घेऊन एकटीच देवळाकडे जायची.

सतरा-अठराची झाल्यावर तिला बांद्याचं एक स्थळ आलं. बांद्याच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान. मुलगा मी बघितला, चांगला होता. ते लोक शेवंतीला बघायला आले तेव्हा त्यांच्याबरोबरचं लहान पोर रडत होतं आणि तिने ते सवयीने उचलून घेतलं. मुलाची आई तिथेच म्हणाली, आम्हांला मुलगी पसंत. मुलगाही शेवंतीकडे बघून हसला. शेवंती लाजली. तिला लाजताना मी तेवढंच बघितलं.

चुलता कन्यादान करायला तयार होता. पण काकी म्हणाली, "बापूस जितो असताना काकान कन्यादान कित्याक करूचा? ते इले की करतले. देवीन शब्द दिलेलो आसा."

लोकांनी समजावलं. ती हटेना. देवीच्या कौलापुढे कोण काय बोलणार? बांद्याची माणसं म्हणाली, आम्ही शिमग्यापर्यंत थांबतो.

मी शेवंतीला माझ्याकडे बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. "आता बोल. कौल तू पाडलास, तूच सांग. आई रडेल, ओरडेल, पण आता ती सावरलेली आहे. खाडीत जायची नाही."

"आणि गेली तर?"

"नाही जाणार."

"वयनी, तुमी लिवन देशात?" ती म्हणाली. "तिचा कुंकू माझ्या हातान पुसून मी तेच हात पिवळे करून घेव? आणि मगे बांद्याक जावन सुखान जेवू?"

"मग काय जन्मभर लोकांची पोरं राखणार?"

"राखीन. पोरा वायट नसतत."

मला राग आला. अजूनही येतो. मी बोलले असते तर कदाचित तिचं लग्न झालं असतं, आणि कदाचित काकी खाडीत सापडली असती. कुठलं झालं असतं ते मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ती हलली नाही.

शिमगा झाला. बांद्याच्या लोकांनी मालवणातलीच दुसरी मुलगी बघितली. ती प्रेमा निघाली. लग्नाआधी विहिरीवर प्रेमा तिला म्हणाली, "तुका बापाशीची वाट बघूची आसा. माका कोणाची बघूची नाय." हे माझ्यासमोर बोलली. शेवंती म्हणाली, "बरो आसा तो. सासूय बरी. थयसर गप रवाक शिक मात्र." प्रेमाला हसू आलं आणि मग रडूही आलं. दोघींचा अबोला तिथे सुटला. पुढे प्रेमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या मुलीला शेवंतीच न्हाऊ घालायची. बांद्याच्या त्या मुलाची मुलगी. मी मुद्दाम बघत होते शेवंतीच्या तोंडाकडे. काही दिसलं नाही. "काय गो, आज कोणावर राग आसा?" असं ती त्या पोरीलाही विचारत होती.

मी साठ-एकसष्टला नवऱ्याकडे मुंबईला गेले. दर मे महिन्यात यायचो. शेवंती तशीच, कडेवर पोर बदललेलं. नंतरचंही सांगण्यासारखं फार नाही. ती म्हातारी होईपर्यंत मालवणातच राहिली आणि दोन वर्षांमागे झोपेतच गेली. तिने वाढवलेली पोरं खांदा द्यायला आली होती, त्यांत माझा दत्तूही होता. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात, तसे बोलले. पण मला शेवंती आठवते ती तिच्या शेवटच्या दिवसाची नाही. काकी गेली त्या दिवसाची.

ते पासष्टच्या सुमारास असेल. काकी तापाने गेली. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत गेली, म्हणून तिचं कुंकू शाबूत राहिलं. मी तेव्हा गावातच होते. सवाष्ण बाई गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, ओटी भरली. मळवट भरायला शेवंतीच पुढे झाली. तिने कपाळभर कुंकू भरलं, कडा बोटाने सारख्या केल्या. आळीतल्या बायका एकेक करून आल्या, काकीच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेतलं, पायावर डोकं ठेवलं. "भाग्याची गो," म्हणत होत्या. "अहेवपणी गेली. घोव खंय आसा ठावक नाय, पण कुंकू घेवन गेली."

शेवंती पायाशी उभी होती. कोरड्या डोळ्यांनी. बायका एकमेकींना खुणावत होत्या, पोरगी रडत कशी नाही. तिरडी उचलली. आमच्याकडे त्या वेळी बायका गळा काढतात, गेलेल्याला हाका मारतात. सगळ्यांनी गळा काढला. आणि शेवंतीच्या तोंडून आवाज फुटला. कधी गाणं न म्हटलेल्या त्या फाटक्या गळ्यातून ती ओरडली, "बाबा! बाबा रे माझ्या! बाबा!"

आईला नाही, बापाला. ती खाली बसली आणि ओरडत राहिली. इतकी वर्षं आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. तिरडी वळणाआड गेली तरी तिची "बाबा" थांबेना.

पांडूच्या भावाची बायको धावत आली. तिने शेवंतीचं डोकं पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

"रडा नको गो बाय," ती म्हणाली. "येतलो तुझो बापूस. देवीन शब्द दिलेलो आसा. येतलो."